बादलीची कैफियत

ती. दादास,

साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा साष्टांग कागदावरच मानून घे). इकडे आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. वहिनींची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, जड काही ढकलायला जाऊ नका, आणि जड म्हणजे त्यात तुझी 'महाराणी'ही आली. तिच्या इंजिनाचा तो नाजूक भाग परदेशातून आला, की अजून वाटेतच आहे? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, की नामांकित कंपनीच्या होडीला नामांकित भागच लागतो आणि तो यायला वेळ लागतो. खरं आहे. थोरामोठ्यांचं सगळंच सावकाश.

पत्रास कारण असं, की गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला होता. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, की आमच्या होडीची फजिती तू आता न्हाव्याच्या दुकानातसुद्धा सांगतोस, आणि दर वेळी होडीतलं पाणी थोडं वाढतं. आधी घोट्यापर्यंत होतं, मग पोटरीपर्यंत, आणि हल्ली म्हणे वहिनी पोहतच काठाला लागल्या. दादा, माझी सगळी नोकरी वजनमाप खात्यात गेली. दुकानदाराचा काटा केसभर सरकलेला दिसला तर मी त्याच्या तराजूला सील ठोकत असे, मग तो रडो की चहा विचारो. सख्ख्या भावाने फुगवलेलं माप मी चालवून घेईन असं तुला वाटलं तरी कसं? पाणी घोट्याच्या खाली होतं. वहिनींच्या चपला मांडीवर होत्या त्या पाण्यामुळे नव्हे, नव्या होत्या म्हणून.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. त्या दिवशी धक्क्यावर ओल्या बुटांत उभं राहून डॉक्टरांनी (म्हणजे आमच्या ह्यांनी, दातांचा दवाखाना बंद केला तरी मी डॉक्टरच म्हणते, नाहीतर ओ देत नाहीत) तुला शब्द दिला, की ही बादली विकून टाकतो आणि महाराणीत अर्धा भागीदार होतो. सहा महिने ती तुमच्याकडे, सहा महिने आमच्याकडे. आता रविवारी गिऱ्हाईक होडी बघायला येणार आहे. ती हातची जाण्याआधी खरी हकीकत तुझ्या कानांवर घालणं माझं कर्तव्य आहे. मला तुझ्याकडून काहीही नको. माप बरोबर असावं, इतकंच.

मुळापासून सांगते. दवाखान्याला कुलूप लावल्यावर डॉक्टर खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागले. टीव्हीवर कुणी भाषण करत असलं तर भाषण ऐकायचे नाहीत, दाढा बघायचे. 'खालची डावी गेली याची,' एवढं बोलायचे आणि गप्प. जेवताना गप्प, फिरायला गेलं तरी गप्प. मी घरात बोलणारी एकटी (आणि माझं बोलणं म्हणजे काय असतं ते तू लहानपणापासून जाणतोस). मग एक दिवस वर्तमानपत्रातली होडीची जाहिरात बघून हे आपणहून उठले आणि बूट घालू लागले. त्या कंपनीचं नाव काढलं की होडीवाले नाक मुरडतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तू स्वतःच म्हणाला होतास, 'तिची होडी म्हणजे साबणाची डबी. फेस तेवढा चांगला येईल.' पण उठलेल्या माणसाला पुन्हा खुर्चीत बसवायला मी काही वेडी नाही. मी माझी मोजायची टेप घेतली आणि निघाले.

दुकानात पोचल्यावर गोड बोलणाऱ्या विक्रेत्याला मी आधी बाजूला उभं केलं. पत्रकावर छापलेली लांबी आणि खरी लांबी ताडून बघितली, तर होडी पेरभर जास्त भरली. पुन्हा मोजली. पुन्हा जास्त. अख्ख्या नोकरीत मी गिऱ्हाइकाच्या पदरात जास्त टाकणारा माणूस पाहिला नव्हता, त्यामुळे माझा संशय उलट वाढला. नांगर काट्यावर ठेवायला लावला, तोही चोख. होडीच्या अंगावर बोटाने टकटक करून बघितलं (डॉक्टरांनीही केली, पण 'ठणका लागतोय का' अशा चेहऱ्याने). आवाज भरीव आला. तेव्हा कुठे मी म्हटलं, घ्या.

आता दोष. मी कुणाची वकील नाही, दोष झाकणार नाही. बैठकीच्या निळ्या कापडाचा रंग पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या पांढऱ्या विजारीला लागला. विजार अजून निळी आहे, बैठक मात्र पांढरी पडत चालली आहे. सामानाच्या कप्प्याची कडी पहिल्यांदा उघडली तेव्हा हातात आली, दुसऱ्यांदा उघडली तेव्हा पाण्यात गेली. पेला ठेवायला म्हणून जी गोल खाच केली आहे तिच्यात आमच्या घरातला एकही पेला बसत नाही (शेजाऱ्यांचेही आणून बघितले). भोंग्याची तर बातच नको. दाबला की शेळी ओरडते. समोरची होडी बाजूला व्हायच्या ऐवजी त्यातली माणसं काठावर शेळी कुठे आहे ते बघत बसतात. या सगळ्यासाठी मी कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं आहे, आणि त्यांनी नवी कडी पाठवली आहे. ती आधीच्या कडीपेक्षा वाईट आहे. झालं समाधान?

पण दादा, कडी, कापड आणि भोंगा म्हणजे होडी नव्हे. होडीवर किटाळ आलं ते त्या चार भोकांमुळे, आणि त्या प्रकरणात तू अगदी धुतल्या तांदळासारखा नाहीस. आठव. होडी धक्क्यावर आल्यावर, पाण्यात सोडण्याआधी, डॉक्टर तिला प्रदक्षिणा घालत होते. आयुष्यभराची सवय, नजर आधी भोकावर जाते. मागच्या फळीत, पाय ठेवायच्या तळाला लागून, ओळीने चार भोकं दिसली. घरी येताच त्यांनी तुला फोन लावला. फोनचा आवाज मोठा केलेला होता आणि मी शेजारी इस्त्री करत होते, तेव्हा पुढचं सगळं मी शब्दशः लिहिते आहे. नंतर कानांवर हात ठेवू नकोस.

'दादा, होडीच्या मागच्या बाजूला चार भोकं आहेत हो.'

'बघा! सांगितलं होतं की नाही मी? स्क्रूसाठी पाडली असणार, आणि स्क्रू घालायला विसरले. स्वस्तातलं ते!'

'मग काय करू म्हणता? दुकानदाराला विचारू?'

'त्याला काय विचारायचंय? बुजवून टाका.'

'बुजवू?'

'अहो डॉक्टर, आयुष्यभर दुसरं काय केलंत?'

झालं. ह्यांच्या अंगात वीस वर्षांचा तरुण शिरला. कपाटाच्या तळातून जुनी बॅग निघाली. धक्क्यावर होडीपाशी स्टूल मांडलं गेलं. भोकं स्वच्छ केली, कोरडी केली, थरावर थर देत मसाला भरला, प्रत्येक थरावर तो मसाला कडक करणारा निळा दिवा धरला. रंग जुळावा म्हणून दातांच्या रंगांची पट्टी होडीच्या अंगाशी लावून बघितली. तेव्हा धक्क्यावरची माणसं कामं टाकून जमली. शेवटी अशी झिलई दिली, की चष्मा लावूनही मला जागा सापडेना. 'आयुष्यातलं सर्वांत देखणं काम,' असं म्हणाले. 'चावून बघा असं सांगायची सोय नाही, एवढीच खंत.' आणि मीही, पदार्थविज्ञान घेऊन पदवी मिळवलेली बाई, शेजारी उभी राहून मान डोलावत होते. धक्क्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला डॉक्टर अभिमानाने सांगायचे, 'कंपनीने भोकं तशीच सोडली होती. मी बुजवली.' ऐकणारा म्हणायचा, 'स्वस्त कंपनी! असंच असतं.' कंपनीची अब्रू कशी जाते ते मी अगदी जवळून बघितलं आहे.

मग तुम्ही दोघं पाहुणे म्हणून आलात. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि सकाळी होडीत पाणी साचलेलं होतं. ते मी पातेल्याने उपसलं, तेव्हा तू काठावरून 'अजून थोडं राहिलं त्या कोपऱ्यात' अशी मोलाची मदत करत होतास. होडीत पाय ठेवायला मात्र तू तयार नव्हतास. 'साबणाच्या डबीत मी बसत नाही.' म्हणून वहिनी, मी आणि डॉक्टर असे तिघंच गेलो. तलावावर वारा होता. पुढून लाट आली की चार शिंतोडे आत, दुसरी आली की अजून चार. सगळं पाणी वाहत मागे जायचं आणि तिथे ठाण मांडून बसायचं. होडीचं बूड जड झालं, नाक वर झालं, इंजिन खोकू लागलं. आम्ही परत आलो ते कासवाला वाट देत. वहिनी बिचाऱ्या हसत होत्या. डॉक्टर हसत नव्हते. आणि तू धक्क्याच्या टोकावर उभा राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलास, 'आली, आली, बादली आली!' दादा, त्या दिवसापासून धक्क्यावर लहानमोठं सगळं जग तिला बादलीच म्हणतं. रखवालदार पावतीवरसुद्धा तेच लिहितो. डॉक्टरांनी तुला शब्द दिला आणि घरी येऊन पुन्हा खिडकीशी बसले. संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईच्या सुळ्याबद्दल बोलले, तेव्हाच मी ओळखलं, की गाडी मूळपदावर आली.

मला मात्र चैन पडेना. जी कंपनी लांबीत पेरभर जास्त देते ती भोकं बुजवायला विसरते? हिशेब जुळत नव्हता. धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला चष्म्याच्या दुकानवाल्याची होडी असते. त्याच कंपनीची, त्याच मापाची, निळं कापड तसंच पांढरं पडलेलं. पुन्हा एकदा रात्रभर पाऊस झाला तेव्हा मी पहाटेच जाऊन बघितलं. आमच्या होडीत तळं. त्याची होडी कोरडी ठणठणीत! मी वाकून (गुडघ्याची पर्वा न करता) बघितलं, तर त्याच्या मागच्या फळीत तीच चार भोकं, उघडी. मी इकडे तिकडे बघितलं, बादली भरली आणि त्याच्या होडीत ओतली. पाणी तळावरून घरंगळत मागे गेलं आणि चारही भोकांतून शहाण्यासारखं तलावात पडलं. मी आणखी एक ओतली. तीही गेली. तिसरी ओतत असताना मागून आवाज आला, 'बाई, माझ्या होडीने तुमचं काय घोडं मारलंय?' चष्मेवाला फिरायला आला होता. मी वळूनही न बघता म्हटलं, 'जरा थांबा, तपासणी चालू आहे.' तर तो खरंच थांबला (नोकरी सुटली तरी आवाज सुटत नाही).

दादा, मोरी! ती होडीची मोरी होती. पाय ठेवायचा तळ मुद्दाम बाहेरच्या पाण्याहून उंच आणि मागे उतरता केलेला असतो, म्हणून भोकांतून पाणी बाहेर जातं, आत येत नाही. ज्याने कुणी ही होडी आखली त्याने विचार करून, माप घेऊन ती चार भोकं ठेवली होती. ती आम्ही तुझ्या सल्ल्याने, उत्तम दर्जाचा मसाला वापरून बुजवली, आणि मग पाणी साचतं म्हणून त्याच्या नावाने खडे फोडले. न्हाणीघराच्या मोरीत बोळा कोंबायचा आणि गवंड्याला शिव्या द्यायच्या, त्यातला प्रकार. आणि हेही ऐक. मी वहिनींना दुरुस्तीच्या कारखान्यात पाठवून महाराणीची मागची बाजू बघायला लावली. तिलाही अशीच भोकं आहेत. फक्त वर चकचकीत झडप आहे. इतकी वर्षं होडी बाळगून तुला पत्ता नाही. तुला वाटलं, महाराणी पाणी साचू देत नाही ते खानदानामुळे.

डॉक्टरांना हे सांगितल्यावर आधी त्यांचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. 'चांगली भरलेली दाढ उकरायची नसते,' म्हणाले. मी म्हटलं, 'दाढ नाही, मोरी आहे. उठा.' शेवटी उठले. तोंडाला मास्क लावला, ड्रिल हातात घेतलं, काठावर ओढलेल्या होडीच्या मागे स्टुलावर बसले, आणि सवयीने त्या होडीलाच म्हणाले, 'दुखलं तर हात वर करा.' मग आपलं आपल्यालाच ऐकू आलं आणि हसू लागले. मीही हसले. चष्मेवाला हसता हसता धक्क्यावर बसला. इतकं मोठ्याने ह्यांना हसताना मी दवाखाना बंद झाल्यापासून ऐकलं नव्हतं. चार भोकं मोकळी झाल्यावर आम्ही तिघांनी मिळून बादल्यांवर बादल्या ओतल्या. जितकं आत, तितकं बाहेर. रखवालदार म्हणाला, 'एवढी धुतलेली होडी सगळ्या धक्क्यावर नाही.'

तेव्हापासून आम्ही रोज जातो. परवा वाऱ्यात गेलो होतो, लाटा सरळ डोक्यावरून आल्या, आणि पाणी आलं तसं निघून गेलं. डॉक्टर सुकाणू धरून गात होते (सुरात नव्हे, पण माझ्या खात्याचा सुराशी संबंध नव्हता). भोंगा दाबून काठावरच्या खऱ्या शेळीशी त्यांनी बराच वेळ संभाषण केलं. महाराणीत बूट काढून बसावं लागतं, काही खायचं नसतं, सुकाणूला तू कुणाला हात लावू देत नाहीस. ह्यांना तिथे वेटिंग रूममध्ये बसल्यासारखं होत असणार. बादलीत ते कप्तान आहेत.

तेव्हा, स्वस्त होड्यांची जी अपकीर्ती आहे ती रास्त आहे का, या प्रश्नावर तपासणी अधिकाऱ्याचा निकाल असा. कडी, कापड, भोंगा नापास. याबद्दल लोक जे बोलतात ते खरं आहे आणि त्यांनी आणखी बोलावं. अंग, तळ, नांगर आणि मोरी पास, तेही चांगल्या रीतीने. पण मला कळलं ते वेगळंच. महागडी होडी बिघडली की लोक म्हणतात, 'बिचारीला काय झालं?' आणि कारण शोधतात. स्वस्त होडी बिघडली की म्हणतात, 'सांगितलं होतं ना!' आणि घरी जातात. कारण शोधायला कुणी वाकतच नाही. तुझी महाराणी सबंध मोसम कारखान्यात पडून आहे, तिला कुणी बादली म्हटलं का? दोघींना एकच तराजू लावावा, एवढंच माझं म्हणणं.

असो. न्हाव्याच्या दुकानात यापुढे पाणी घोट्याच्या वर जाता कामा नये. वहिनींना नमस्कार. कंबर शेकायला सांग. कळावे.

तुझी धाकटी बहीण

ता. क. मला काही नको असं वर लिहिलं आहे, ते खोडत बसत नाही; पण दादा, डॉक्टरांना त्या शब्दातून मोकळं कर. ते आपणहून तुला नाही म्हणणार नाहीत. मी दोनदा सुचवलं, तर 'दादांना शब्द दिलाय' एवढंच म्हणतात आणि होडीवरून हात फिरवत बसतात. अर्धी महाराणी त्यांना नको आहे, अख्खी बादली हवी आहे. 'भागीदारीचं राहू द्या' असं तू चार ओळींत कळवलंस की झालं. मी सांगितलं म्हणून लिहिलंस हे मात्र त्यांना कळू देऊ नकोस. त्यांना वाईट वाटेल.

आणखी एक. रविवारचं गिऱ्हाईक म्हणजे एक रोपवाटिकावाला होता. होडीत माती भरून फुलझाडं लावणार होता! भोकं आहेत म्हटल्यावर आणखीच खूश झाला. त्याला मी आज फोन करून, होडी सरकारी तपासणीत अडकली आहे, असं सांगितलं. ते सर्वस्वी खोटं नाही.

* * *

दादांना सा. न. तुमच्या बहिणीने हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय. पाकीट चिकटवणं माझं काम (तिला डिंकाची चव सोसत नाही), म्हणून वाचलं. परवा आपलं फोनवर बोलणं झालं, मी चाचरत भागीदारीचा विषय काढला आणि तुम्हीच आधी म्हणालात, की महाराणीला कंटाळलो, तिला गिऱ्हाईकही मिळालंय, आता तुमच्यासारखीच एक बादली बघून ठेवा. ते मी लगेच तिला सांगायला गेलो होतो. तिने हात वर केला आणि म्हणाली, 'मी दादाला लिहितेय. मध्ये बोलायचं नाही.' खोलीबाहेर उभा राहून बघितलं, तर लिहिता लिहिता स्वतःशीच हसत होती. नोकरी सुटल्यापासून तिला कुणाच्या तराजूला सील ठोकायला मिळालेलं नाही. मग मी सांगितलंच नाही. रविवारच्या गिऱ्हाइकाला नकार द्यायला मीही फोन केला होता. तो म्हणाला, 'सकाळीच एका बाईंनी दम दिलाय.'

तुमच्यासाठी होडी बघून ठेवली आहे. आमच्याच कंपनीची, आमच्याच मापाची; म्हणजे नकळत का होईना, तिने टेप लावूनच निवडलेली. तेवढी एक विनंती: उत्तर लिहाल तेव्हा लगेच कबूल होऊ नका. तिला संशय येईल, आणि मजाही जाईल. निदान दोन पत्रं कडाडून भांडा, स्वस्त होड्यांचा चांगला उद्धार करा, माझा शब्द धरून ठेवा. तिसऱ्या पत्रात हरा. आणि नवी होडी घेऊन धक्क्यावर याल तेव्हा चेहरा पडलेला ठेवा. ते जमलं नाही, तर दाढ दुखतेय म्हणून मी तुमच्या तोंडात आरसा घालून उभा राहीन. हसू दिसणार नाही.